अंड्याचा कमरपट्टा

२ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं

मामा,

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी वर्कशॉपच्या बंद शटरसमोर हत्यारपेटीवर बसून पेन्सिलीला दुसऱ्यांदा टोक करत होतो. पहिलं टोक चांगलं होतं. पण मालक सातला शटर उघडतात आणि तोवर हातांना काही तरी काम हवं होतं. पत्र आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं. शाळा नववीत सुटली तरी शुद्धलेखन सुटलेलं नाही. चूक दिसली तर कळव.

दोन आठवड्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाने जुना ट्रेलर पोचे काढायला आणला. गाडीमागे ओढायचा, आत पलंग, शेगडी, कपाट. ॲल्युमिनियमचा, गोल पाठीचा, वयाने माझ्या दुप्पट. मी पोचे त्याचे काढत होतो आणि डोळ्यांपुढे तुझा ट्रेलर, आपलं अंडं होतं. त्याच्या पायरीवर बसून मी सात वर्षांचा असताना अर्धं कलिंगड खाल्लं होतं आणि मामीने बिया मोजायला लावल्या होत्या. अंड्याला कमरेभोवती चारी बाजूंनी फिरलेली ती रुंद पट्टी आहे ना, तशी मी दुसऱ्या कुठल्याच ट्रेलरवर पाहिली नाही. गिऱ्हाइकाच्या त्या ट्रेलरलाही नव्हती.

तर मी एक छोटा कॅम्पर बांधायला घेतो आहे. लहान गाडीमागे ओढता येईल एवढा. आत फक्त झोपायचं आणि बसायचं, मागचं झाकण उचललं की ओटा. दिसायला अंड्याचं पिल्लू. वाचनालयातल्या एक बाई या वर्षी नोकरी सोडून फिरायला निघणार आहेत. मी माझं चित्र दाखवलं तर त्यांनी तिथल्या तिथे वीस हजार आगाऊ दिले. मला दोन रात्री झोप नाही. मालकांनी रंगाच्या खोलीमागचा कोपरा दिला आहे, ३० नोव्हेंबरपर्यंत. तोवर पिल्लू तयार होऊन बाईंनी नेलं तर कोपरा माझा, पुढचे कॅम्परही तिथेच बांधायचे. नाही तर आगाऊ रक्कम परत, सामान माझ्या डोक्यावर आणि मी पुन्हा बंपर घासायला. मी बावीस वर्षांचा आहे मामा, आणि बंपर घासून घासून माझ्या बोटांचे ठसे गेले आहेत.

गाडी छोटी केली तरी माणूस काही छोटा होत नाही, म्हणून माणसाला लागणारी मापं मला अंड्यातलीच हवी आहेत. पलंगाची लांबी, पलंगाच्या फळीपासून छतापर्यंत उंची, दाराची रुंदी, खिडकी. अंडं तुझ्या इमारतीच्या अंगणात ताडपत्रीखाली असेल. एकदाच ताडपत्री काढावी लागेल, त्रासाबद्दल माफ कर. फोन केला नाही, कारण माप तोंडी घ्यायचं नाही हे तूच शिकवलंस, आणि तुझ्या डाव्या कानाचं आईने सांगितलं आहे.

तुझी रीत मला पाठ आहे. टेपचं टोक झिजलेलं असतं, शून्यावर विश्वास ठेवू नको, दहावर धर. आकडा आला तसा वहीत लिही आणि कापताना दहा वजा कर.

तुझा
भाचा


९ सप्टेंबर

चि. मिलिमीटर,

पत्र पोचलं. चूक एकही नाही, त्यामुळे वाचायला मजा आली नाही.

आधी एक सांगून ठेवतो. यापुढे पत्र टायरवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक, पाकिटावर लिहिला आहे. माझा पोस्टमन म्हातारा झाला, तीन जिने चढताना मलाच शिव्या घालतो. टायरवाला माझा दोस्त आहे आणि तो शिव्या घालत नाही, फक्त उसासे टाकतो.

मापं घेतली. पलंग १८२ सेंटीमीटर. फळीपासून छत ९८, पलंगाच्या टोकाला, जिथे छत उतरतं तिथे. दार ६२. खिडकी बाहेरून बाहेर ६६ बाय ४१, कोपरे गोल. चहा ठेवून मापायला बसलो आणि चहा उतू जाऊन पलंगाखाली गेला, तेव्हा ही मापं महागात पडली आहेत असं समज. बाकी अंडं मजेत आहे. त्याला विचारलं, पिल्लू होणार म्हणून लाजलं.

तू बांधणार म्हणतोस म्हणजे बांधशील. पण एवढा घाबरून बांधू नकोस. पत्रा घाबरलेल्या हाताला ओळखतो.

तुझी आई कशी आहे? तिला सांग, मी ठणठणीत आहे. पायात मोजे असतात.

मामा


१५ सप्टेंबर, सोमवार
दुपारी एक वाजून दहा मिनिटं, जेवणाची सुट्टी

मामा,

मापं मिळाली. तुझ्या रीतीनेच वाचली, काळजी नसावी. आज सांगाड्याचं प्लायवूड कापलं. चार वेळा मापलं, एकदा कापलं, कापल्यावर पुन्हा दोनदा मापलं. मालक म्हणाले की कापल्यावर मापून काय उपयोग, आता ते वाढणार आहे का. बाकीचे हसले. मीही हसलो, पण मापलंच.

सांगाड्यात मी स्वतः झोपून पाहिलं आणि बसून पाहिलं. छान मावतो. डोक्यावर दोन बोटं उरतात. तू मला मिलिमीटर उगाच म्हणत नाहीस.

बाई आठवड्यातून एकदा येतात, दारातूनच बघून जातात. आत बसून बघा म्हटलं तर म्हणाल्या, पूर्ण झाल्यावरच बसेन, अर्धवट पुस्तक मी कुणाला देत नाही. त्यांची उंची विचारावी असं तीनदा मनात आलं. पण बाईमाणसाला उंची कशी विचारायची? वजन विचारल्यासारखंच ते.

अडचण खिडकीची आहे. माप आहे, पण कोपऱ्याची गोलाई आकड्यात येत नाही. एका कागदावर कोपरा गिरवून पाठवशील का? भोक मी मापाप्रमाणे सरळ कोपऱ्यांचं कापून ठेवतो. ती पट्टीही मी करणार आहे, शोभेची, नुसती वरून चिकटवून. पिल्लाला आईचं काही तरी हवंच.

भाचा


२४ सप्टेंबर

मिलिमीटर,

कागद धरायला एक हात, पेन्सिलीला दुसरा आणि खिडकीला तिसरा लागतो. मला दोनच आहेत आणि त्यातला एक कापतो. तेव्हा खिडकीच पाठवतो. टायरवाल्याचा माल न्यायला लॉरी येते, तिच्यातून येईल. महिनाभर ठेव, समोर टेकवून हवी तेवढी गिरव, मग परत कर. भोकावर प्लायवूड ठोकला आहे. नुसत्या उभ्या गाडीला खिडकी हवी कशाला?

काच फुटली तर कळवू नकोस, मला वाईट वाटेल. ती मामीने निवडली होती.

आणि उंची विचार. लाजू नकोस. मी एकदा लाजलो होतो.

मामा


२१ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी सहा पंचावन्न

मामा,

चार आठवडे झाले. खिडकी आलेली नाही आणि तुझं पत्रही नाही. मी ३ तारखेला एक आणि ११ ला एक, अशी दोन पत्रं टाकली. तिसरं टाकू की नको यात दोन दिवस गेले, कारण तू म्हणशील पोरगं टपालखात्याचा धंदा वाढवतंय.

पत्रा चढला. छताची गोलाई बरोबर उतरली. रिव्हेट आठशे बारा, त्यांतले चार वाकडे आले म्हणून काढून पुन्हा मारले. लोक थांबून बघतात. मालकांनी काल कोपऱ्यात दुसरा दिवा लावून दिला. सगळं ठीक चाललं आहे आणि मला तेच खटकतं. घरी गेलो तरी पाय थांबत नाहीत. आई म्हणते, फरशी झिजेल.

तू बरा आहेस ना? एका ओळीत लिही. एका शब्दात लिहिलंस तरी चालेल.

भाचा


३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

मामा,

खिडकी आज साडेनऊला आली. लॉरी वाटेत बिघडून पडली होती म्हणे. दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आधी सोपी लिहितो.

मी खिडकी भोकाला लावली. भोक ५६ बाय ३१. खिडकी ६६ बाय ४१. मी टेप घेतला, बदलला, मालकांचा आणला. खिडकी ६६ बाय ४१ च आहे. म्हणजे तू दहा वजा करूनच आकडे लिहिले होतेस आणि मी ते पुन्हा वजा केले. सगळ्यांतून. पलंग १८२ चा १७२ झाला. छत ९८ चं ८८ झालं. दार ५२. मी बुटका म्हणून मला कळलंच नाही. मग मी हत्यारं खाली ठेवली, वाचनालयात गेलो आणि बाईंना उंची विचारली. त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. म्हणाल्या, १७६, का हो? मी म्हटलं, असंच, आणि परत आलो.

सत्तावीस दिवस उरले आहेत. पिल्लू बाहेरून इतकं सुंदर झालं आहे की त्याच्याकडे बघवत नाही.

आता दुसरी गोष्ट. मी खिडकी पुसायला घेतली. चौकटीत काच धरून ठेवणारी पुटी ताजी आहे, बोटाला लागते. आतल्या तारेवर मामीचा पडदा तसाच आला आहे आणि त्याला साबणाचा वास आहे. वरची कड शेगडीच्या धुराने काळी आहे, पण फक्त वरची. खालची कुणी तरी रोज पुसतं. आणि काचेला आतून एक कागद चिकटवला आहे, तुझ्या अक्षरात. ‘रक्तदाब सकाळी एक. पांढरी अर्धी रात्री. ऑगस्टपासून नवीन.’ 

ताडपत्रीखालच्या गाडीत पांढरी अर्धी कोण घेतं, मामा?

तू अंड्यात राहतोस का?

म्हणूनच टायरवाल्याचा पत्ता. म्हणूनच चहा पलंगाखाली गेला. मी प्रत्येक आकडा सहा वेळा वाचला आणि हे एकदाही वाचलं नाही. आणि माझ्या एका कोपऱ्यासाठी तू राहत्या घराची खिडकी काढून पाठवलीस. थंडीच्या तोंडावर.

लगेच लिही.

भाचा


८ नोव्हेंबर

मिलिमीटर,

तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, अशी टायरवाल्याने धमकी दिली आहे. त्याचं अक्षर तुला सोसणार नाही, म्हणून मीच लिहितो.

हो, राहतो. ही दुसरी थंडी. मामी गेल्यावर त्या तीन खोल्यांत मला जागा फार झाली. एका खोलीतून दुसरीत गेलो की कशाला आलो ते आठवायचं नाही. भाड्याच्याच होत्या, सोडल्या. अंडं टायरवाल्याच्या आवारात मागे लावलं आहे. त्याला राखण मिळते, मला पाणी आणि वीज. तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिने मला तिच्या हॉलमध्ये आणून ठेवलं असतं, कुंडीसारखं. मग सकाळ-संध्याकाळ पाणी.

मधे खोकला झाला. चार दिवस दवाखान्यात होतो, म्हणून पत्र नाही. खिडकीमुळे झाला नाही. प्लायवूड थोडा वाऱ्याला बोलावतो, पण खोकला माझा जुना आहे. येऊ नकोस. तुझ्याकडे बावीस दिवस आहेत, त्यांतला एकही माझ्यावर खर्च करू नकोस.

आता दहाचं. चूक माझी. जन्मभर आकडा आला तसा लिहिला. या वेळी म्हटलं, पोरगं काळजी करतं, त्याला स्वच्छ आकडे देऊ. चांगुलपणा करताना तो कळवावा लागतो, ते राहिलं.

पण रडू नकोस, ऐक. तुला आवडणारी ती पट्टी शोभेची नाही. अंडं मी भंगारातून आणलं तेव्हा छत सडलेलं होतं. नवीन बसवलं, माझ्या डोक्याच्या मापाने. लग्नाला सहा महिने झाले होते आणि मामीला उंची विचारायची मला लाज वाटली. पहिल्या सकाळी ती पलंगावर उठून बसली आणि छताला आपटली. डोकं चोळत चहा केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या सकाळी म्हणाली, “छत वर घ्या, नाही तर मला खाली घ्या.” मग मी सबंध गाडी कमरेत कापली, वरचा भाग उचलला आणि मधे दहाची पट्टी घातली. आधी तिला भिंतीशी बसवून, डोक्यावर पुस्तक ठेवून, खूण करून. लोक विचारायचे ही कुठली फॅशन. ती सांगायची, कमरपट्टा आहे.

तेव्हा काप. कमरेत, सगळीकडून एकसारखं. आधी आतून चार टेकू दे, मग काप, मग उचल. आतून लाकडी पट्टी, बाहेरून पत्रा, दोन रांगा रिव्हेट. पलंगासाठी ओट्याची भिंत दहा मागे सरकव, बाईंना दोन भांडी कमी पडतील. दार राहू दे, बाई आडव्या आत जाणार नाहीत. खिडकीचं भोक मोठं करणं तर सोपंच; ते लहान करताना माणूस रडतो.

आणि बाईंना बसवून माप.

मामा


१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी सहा वाजून पाच मिनिटं, बस स्टँड

मामा,

हे पत्र माझ्यानंतर पोचेल, तरीही लिहितो आहे, कारण बस सहा चाळीसला सुटते आणि तोवर हातांना काम हवं आहे. खिडकीचा कोपरा गिरवून झाला. खिडकी दोन गोधड्यांत बांधून मांडीवर घेतली आहे. कंडक्टर तिचं तिकीट मागतो आहे. मालकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, कोपऱ्याची तारीख बदलणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

येऊ नकोस म्हणालास ते वाचलं आहे.

भाचा


१ डिसेंबर, सोमवार
सकाळी सात वाजून पंधरा मिनिटं

मामा,

तू पोचल्यावर लिही म्हणाला होतास, पण १९ ला पोचलो आणि त्या दिवसापासून आज पहिल्यांदा पेन्सिल लिहायला हातात घेतली. मधे ती फक्त पत्र्यावर चालली.

सहा दिवस तुझ्याकडे गेले त्याचा मला पश्चात्ताप नाही. झाला असता तर सांगितलं असतं. खिडकी बसवताना तू बाहेरून आणि मी आतून होतो, तेव्हा काचेतून तू माझ्यावर ओरडत होतास आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. तो मला सगळ्यात आवडलेला वेळ. दाराखालची फट मी बुजवली आहे, ते तुला एव्हाना कळलं असेल. तुझा उजवा हात कापतो हे मी मोजलं नाही. बघितलं.

आता पिल्लाचं. २० ला सकाळी बाईंना बोलावलं आणि खरं सांगितलं. माझी चूक आहे, तुम्ही आत मावणार नाही, गाडी कापावी लागेल, आगाऊ रक्कम परत हवी असेल तर दोन हप्त्यांत देतो. त्या पिल्लाभोवती एक फेरी मारून आल्या. मग चपला काढून आत गेल्या आणि बसल्या. डोकं टेकलं. मान वाकडी करून त्यांनी मला विचारलं, “कापल्यावर ही अशीच सुंदर राहील?” मी म्हटलं, माहीत नाही. तुझ्यासारखं ठामपणे मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, “मग मापा.” मी डोक्यावर पुस्तक ठेवून खूण केली. पुस्तक त्यांच्याच पिशवीतलं, वाचनालयाचं, मुदत संपलेलं.

नऊ दिवसांत कापलं, उचललं, पट्टी घातली. कापताना करवतीच्या पहिल्या ओढीला मालक रंगाच्या खोलीतून बाहेर आले आणि दुसऱ्या टोकाला टेकू धरून उभे राहिले. शिव्या देत होते, पण धरून होते. तू सांगितलेल्या दोन रांगा रिव्हेट मी तीन केल्या. हे तुला आवडणार नाही.

काल ३० तारीख. बाई चारला आल्या. पट्टीचा रंग ओला होता, मी तसं पाटीवर लिहून ठेवलं होतं. त्या आत बसल्या, झोपल्या, पुन्हा उठून बसल्या. डोक्यावर चार बोटं उरली. त्यांनी छताकडे हात नेऊन ते अंतर चाचपलं. मग बाहेर येऊन पट्टीवर बोट ठेवलं, रंग लागला, आणि म्हणाल्या की सगळ्यात चांगलं हेच दिसतंय. मी म्हटलं, ते माझ्या मामीचं आहे.

काच अजून बसवलेली नाही. काचेचे पैसे बसभाड्यात गेले. म्हणून पिल्लू अजून इथेच आहे आणि त्यांनी पंधरा हजार मागे ठेवले आहेत, काच बसल्यावर मिळतील. मालकांनी कोपऱ्याचं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आज सकाळी आलो तर शटरची एक किल्ली माझ्या हत्यारपेटीवर ठेवलेली होती. त्याचा अर्थ काय ते मी कुणाला विचारलेलं नाही. पेटीवर बसून हे लिहितो आहे, शटर उघडं आहे, आत पाऊल टाकलेलं नाही. मी एवढा बेचैन कधीच नव्हतो, आणि या वेळी काय चुकलं आहे ते शोधायला गेलो तर सापडत नाही.

एक गोष्ट ठरवली आहे. आईला तू ३१ डिसेंबरपर्यंत सांग. नाही तर १ जानेवारीला सकाळी सातला मी सांगेन. कुंडीसारखं कुणी ठेवणार नाही, हे माझ्याकडून लेखी घे. पण तिला माहीत असायला हवं.

वहीतला हिशोब देतो. तू विचारला नाहीस, पण लिहिल्याशिवाय मला पुढचं काम सुचत नाही.

खर्च: प्लायवूड व लाकूड १४,२००. पत्रा १९,६००. जुना आस आणि चाकं १७,५००. रिव्हेट, गोंद, पुटी ३,३४०. कमरपट्ट्याचा पत्रा २,४००. बस, जाऊन येऊन, खिडकीच्या अर्ध्या तिकिटासह १,२८०. एकूण ५८,३२०.

जमा: बाईंकडून आगाऊ २०,०००, काल ५०,०००. 

येणे: बाईंकडून १५,०००, काच बसल्यावर.

देणे: हार्डवेअरवाल्याला ६,३००. मालकांना रंगाचे ४,०००; सहा दिवसांची मजुरी त्यांनी कापली, ती फिटली. टायरवाल्याला एक डबा पुटी. तुला गरम पाण्याची पिशवी, आजच्या पार्सलने.

तुझ्याकडून येणे: खरा पत्ता. मिळाला. पाकिटावर तोच घातला आहे: अंडं, टायरवाल्याच्या आवारात मागे.

भाचा